चिकूचं म्हातारपण

अगं, आधी एक गोष्ट मनातून काढून टाक. चिकू सूड उगवत नाहीये. गादीवर शू करणं, रात्री दोनला उठून भुंकणं, तुझ्या सासूबाईंवर गुरगुरणं, यातलं काहीच तो मुद्दाम करत नाही. चौदा वर्षांचं पामेरियन आहे ते! लहान जातीची कुत्री मोठ्या कुत्र्यांपेक्षा जास्त जगतात, म्हणून त्यांचं म्हातारपणही लांबतं, आणि ते आपल्यालाच निभवायचं असतं.

"वयच झालंय त्याचं" असं म्हणून गप्प बसू नकोस. आधी दुखणं शोध. तो नेमका कधी गुरगुरतो? उचलताना? मग गुडघा किंवा कंबर बघायला हवी. घास तोंडातून पडतो, तोंडाला घाण वास येतो? लहान जबड्यात दातांची दाटी होते, किटण साचतं, हिरड्या सडतात. पाणी फार पितो, फार मुततो? मूत्रपिंड, मधुमेह किंवा कुशिंगचा आजार असू शकतो, रक्त-लघवी तपासल्याशिवाय कळायचं नाही. सासूबाईंना एवढंच सांग, त्यांचे गुडघे ठणकत असताना कुणी त्यांना खसकन उठवलं तर त्याही ओरडतीलच ना? आणि घरातली पॅरासिटामॉल किंवा आयब्युप्रोफेन त्याला अजिबात देऊ नकोस. आपल्याला चालणारी गोळी कुत्र्याच्या जिवावर बेतते.

दुखणं सापडलं नाही, किंवा त्यावर उपचार करूनही वागणं तसंच राहिलं, तर मेंदूच्या म्हातारपणाचा विचार करायचा. दाराच्या बिजागरीच्या बाजूला उभं राहून दार उघडायची वाट बघणं, भिंतीकडे टक लावणं, दिवसा झोप आणि रात्री येरझाऱ्या, ही त्याची लक्षणं. माणसांच्या अल्झायमरमध्ये साचतं तसंच अमायलॉइड नावाचं प्रथिन म्हाताऱ्या कुत्र्यांच्या मेंदूतही साचतं. अमेरिकेतल्या एका अभ्यासात अकरा-बारा वर्षांच्या 28 टक्के आणि पंधरा-सोळा वर्षांच्या 68 टक्के कुत्र्यांमध्ये असं एक तरी लक्षण दिसलं होतं. म्हणजे तुझा चिकू काही जगावेगळा नाही. सेलेजिलीन नावाच्या औषधाला तिकडे 1998 मध्ये यासाठी मान्यता मिळाली. त्यानं आजार बरा होत नाही, पण काहींना फरक पडतो. इतर काही औषधांबरोबर ते चालत नाही, म्हणून चालू असलेली सगळी औषधं डॉक्टरांना दाखव. तुमच्या सुरतेत समाधान झालं नाही तर नवसारीचं पशुवैद्यकीय महाविद्यालय काही लांब नाही.

आता घराचं बघ. तुमच्या चकचकीत टाइल्सवर त्याचे पाय घसरतात, तो घाबरतो आणि एका जागी बसून राहतो. त्याच्या वाटेवर जुन्या सतरंज्या किंवा योगा मॅट अंथर. सोफा-खुर्च्या हलवू नका, पाण्याचं भांडं जिथल्या तिथे ठेवा, रात्री झिरोचा बल्ब लावा. संध्याकाळी थोडं फिरवून आण, झोपण्याआधी पुन्हा एकदा शूला ने, आणि बाल्कनीजवळ पॅड ठेव. शू घरात झालीच तर पुसून टाक, रागावू नकोस. त्याला नुसती भीती कळते, कारण कळत नाही. मुलांना दोनच नियम शिकव: झोपलेल्या चिकूला हात लावायचा नाही, आणि त्याला उचलायचं नाही. त्याला ऐकू येत नसेल तर जवळ जाताना जमिनीवर हलकेच पाय आपटायचा, त्याला हादरा कळतो.

उत्तरायणाची तयारी मात्र आठवडाभर आधीच कर. 14 आणि 15 जानेवारीला सुरतेच्या गच्च्यांवर स्पीकर कसे दणाणतात ते तुला मी काय सांगू! आतली खोली, बंद खिडक्या, पंखा चालू, आणि घरातलं एक माणूस त्याच्याजवळ. भीतीसाठी औषध लागणार असेल तर डॉक्टरांना आधी विचारून ठेव, ऐन वेळी धावपळ नको.

आणि बाई, तुझं काय? रोजची जागरणं एकटीनं काढू नकोस. नवऱ्याशी पाळी लावून घे. झोप मिळाली नाही की माया असूनही हात उगारला जातो, आणि मग तूच रडत बसशील. कॅलेंडरवर त्याच्या बऱ्या आणि वाईट दिवसांच्या खुणा कर. वाईट दिवस वाढत गेले तर पुढचं काय ते डॉक्टरांशी मोकळेपणानं बोलू, मी येईन तुझ्याबरोबर.

उद्याच वेळ घे. जाताना सकाळची शू स्वच्छ डबीत घे, आणि रात्रीच्या येरझाऱ्यांचा व्हिडिओ मोबाइलवर काढून ठेव. दवाखान्यात गेल्यावर ही मंडळी हमखास शहाण्यासारखी वागतात.