कुंडींतील मनीप्लांटचीं पानें

ओसरीवरील मनीप्लांटचीं पानें पिवळीं पडून माना टाकूं लागलीं म्हणजे घरांतील मंडळी प्रथम तांब्या उचलतात. पिरंगुटाकडील पावसाळ्यांत हा उपाय बहुधा वेलीचा घातच करतो. आषाढ-श्रावणांत कुंडींतील ओल आठ आठ दिवस हटत नाहीं. मुळांस हवा न मिळाल्यानें तीं कुजतात, आणि माती ओली असूनही पानास पाणी पोहोंचत नाहीं. आपला आंबेमोहोर खाचरांत पाय बुडवून उभा राहतो खरा. परंतु भाताच्या काडींतून हवा मुळांपर्यंत उतरते. या वेलीस ती सोय नाहीं.

सबब पाणी देण्यापूर्वीं बोट दोन पेरें मातींत खुपसून पाहावें, असें आम्ही सुचवितों. माती कोरडी लागल्यास तहान खरी समजावी. ओली व आंबूस वासाची असल्यास वेल उपटून मुळें धुवावीं. पांढरीं, टणक मुळें राखावीं. तपकिरी व साल निसटणारीं कापून टाकावीं. नंतर बुडास भोंक असलेल्या कुंडींत, वाळू मिसळलेल्या नव्या मातींत वेल लावावी. खत तूर्त देऊं नये. मुळें सर्वच गेलीं असल्यास शेंड्याकडील पेरासह तुकडा पाण्यांत ठेवावा. पेरापाशीं नवीं मुळें फुटतात.

उन्हाच्या बाजूसच पांढरट, कोरडे चट्टे असल्यास कुंडी सावलींत घ्यावी, इतकेंच. करपलेला भाग पुन्हां हिरवा होत नाहीं. गुण आला कीं नाहीं तें नव्या पानावरून ओळखावें.

काढलेलीं पानें गुरांपुढें टाकूं नयेत. त्यांतील ऑक्झॅलेटच्या सुईसारख्या स्फटिकांनीं जनावराचें तोंड सुजतें.