ज्वारीच्या मुळांचा अदृश्य सोबती

आपल्या मंगळवेढ्याच्या काळ्या रानात रब्बीची ज्वारी सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरतात. पुढे पाऊस फारसा नसतो. जमिनीत मुरलेल्या ओलाव्यावर ती काढणीपर्यंत तग धरते. पण फॉस्फरसचे काय? चुनखडीच्या काळ्या जमिनीत फॉस्फेट कॅल्शियमशी बांधले जाते आणि फार सावकाश सरकते. मुळाने लगतच्या एक-दोन मिलिमीटरांतील फॉस्फेट शोषले की त्याच्याभोवती रिकामे कडे उरते. त्यापलीकडचे आणायचे कोणी?

हे काम एक बुरशी करते. थंड प्रदेशातील वृक्षांच्या मुळांवर बुरशीचे आवरण असते. मूळ व बुरशी यांच्या या जोडीला जर्मन शास्त्रज्ञ फ्रँक यांनी १८८५ मध्ये 'मायकोऱ्हायझा' म्हणजे 'कवकमूळ' असे नाव दिले. हिमालयातील चिडाच्या मुळांवर असेच आवरण असते. ज्वारीतील बुरशी मात्र मुळाच्या पेशींत शिरून इवल्याशा झाडासारख्या फांद्या फोडते. तिचे तंतू मुळाबाहेर काही सेंटिमीटरपर्यंत पसरतात.

आता थोडे गणित करू. बारीक मुळाचा व्यास ०.२ मिलिमीटर व तंतूचा ०.००५ मिलिमीटर धरा. म्हणजे तंतू ४० पट बारीक झाला. दंडगोलाचे घनफळ व्यासाच्या वर्गावर अवलंबून असते. म्हणून तेवढ्याच घनफळातून ४० × ४० = १६०० पट लांब तंतू तयार होतो. त्याचा पृष्ठभाग १६०० ÷ ४० = ४० पट भरतो. कमी खर्चात जास्त शोषण, ते असे!

बदल्यात ज्वारी बुरशीला साखर व स्निग्ध पदार्थ पुरवते. मात्र जमिनीत फॉस्फेट भरपूर झाले, की वनस्पती ही भागीदारी आटोपती घेते. वारंवार नांगरटीनेही तंतूंचे जाळे तुटते. भारताला लागणारे रॉक फॉस्फेट बहुतांशी परदेशातून येते. म्हणून खत मोजून देण्यात शेतकऱ्याचा व देशाचाही फायदा आहे. अर्थात बुरशी नवे फॉस्फरस निर्माण करत नाही, जमिनीत आहे तेच आणून देते. तेव्हा ती खताला पूर्ण पर्याय नव्हे.

कोबी व मोहरी यांच्या मुळांत ही बुरशी सहसा नसते. मग ती पिके फॉस्फरस कसा मिळवत असतील? विचार करा आणि आपल्या शिक्षकांशी चर्चा करा.