अवधाण का येते?

मुलांनो, आपल्या मॉरिशसच्या समुद्रकिनारी अनवाणी खेळताना कधी तुमच्या पायाला प्रवाळाचा तुकडा लागला आहे का? जखम होते पायाला. पण कधी कधी दोन-तीन दिवसांनी जांघेत गाठ येते आणि दुखते. आजी म्हणते, "अवधाण आले." पायाच्या जखमेचा जांघेशी काय संबंध? चला, पाहू या.

बारीक रक्तवाहिन्यांतून पाण्यासारखा द्रव सतत बाहेर झिरपतो. त्यातील उरलेला द्रव नाजूक नळ्या गोळा करतात. या द्रवाला लसिका व नळ्यांना लसिकावाहिन्या म्हणतात. लसिकेसाठी हृदयासारखा पंप नसतो. आपण चालतो, खेळतो, तेव्हा स्नायूंच्या हालचालीने ती पुढे सरकते. शेवटी मानेच्या खालच्या बाजूला ती पुन्हा रक्तात मिसळते.

वाटेत घेवड्याच्या दाण्यांसारख्या लसिकाग्रंथी असतात. शरीरात त्या सुमारे ६०० असतात. मान, काख व जांघ येथे त्यांचे पुंजके असतात. या ग्रंथी म्हणजे पहारेकऱ्यांच्या चौक्याच! जखमेतून शिरलेले जंतू लसिकेबरोबर तेथे पोचतात. चौकीतल्या पांढऱ्या पेशी त्यांच्याशी लढतात. लढताना पेशींची संख्या वाढते, म्हणून ग्रंथी सुजते.

अशी गाठ दाबू किंवा चोळू नका. जखम साबणाने व स्वच्छ पाण्याने धुवा. ओरडा बसेल म्हणून जखम लपवू नका. घरी लगेच सांगा. ताप आला किंवा गाठ उतरली नाही, तर डॉक्टरांना दाखवा.

आता सांगा पाहू, हाताच्या बोटाला जखम झाली, तर अवधाण कोठे येईल?