घोट्याचं हाड मोडलं तर : स्क्रू कशाला आणि आराम किती?



उसाच्या सरीत पाय वाकडा पडतो, ओल्या फरशीवरून घसरतो, अकोल्याच्या डोंगरवाटेवर पायाखालचा दगड निसटतो. घोटा टम्म सुजतो. घरचे म्हणतात, "मुरगळलाय, तेल लावून चोळ." पण हाड मोडलेलं असेल तर चोळल्यानं ते आणखी सरकतं.

ओळखायचं कसं?
घोट्याच्या हाडावर बोट दाबल्यावर कळ आली किंवा चार पावलंही टाकता आली नाहीत, तर एक्स-रे काढायलाच हवा. जोडवी, पैंजण लगेच काढा. सूज वाढली की निघत नाहीत. दोन्ही बाजूंनी जाड पुठ्ठा लावून सैलसर बांधा, पाय उंच ठेवा. हाड बाहेर दिसत असेल किंवा बोटं गार, निळी पडली असतील तर १०८ ला फोन करा.

स्क्रू कशाला?
नडगीचं टोक आणि शेजारच्या बारीक हाडाचं टोक मिळून पावलाचं हाड चिमट्यासारखं धरतात. मोडलेला तुकडा जागेवर असेल तर बऱ्याचदा प्लास्टरवर भागतं. तो सरकलेला असेल आणि तसाच जुळला, तर सांधा झिजतो. पुढं उकिडवं बसणं, चढ चढणं जड जातं. म्हणून ऑपरेशन करून तुकडा जागेवर बसवतात. आतल्या घोट्याला बहुधा दोन स्क्रू, बाहेरच्या हाडाला धातूची पट्टी आणि स्क्रू लावतात. सूज फार असेल तर डॉक्टर आठवडा-दोन आठवडे थांबतात. ती टाळाटाळ नव्हे. सुजलेल्या कातडीवरची जखम नीट भरत नाही. त्रास नसेल तर स्क्रू बहुतेक वेळा आतच राहू देतात.

खरी परीक्षा घरी
स्क्रू हाड फक्त धरून ठेवतो. जोडायचं काम शरीराचं, आणि त्याला साधारण ६ ते १२ आठवडे लागतात. दुखायचं थांबलं म्हणून धारा काढायला, पाणी भरायला उठलात, तर स्क्रू ढिला होऊ शकतो, मोडूही शकतो. डॉक्टर सांगतील तेव्हाच पाय टेका. मिश्री, तंबाखू बंद करा. त्यानं हाड उशिरा जुळतं. टाक्यांतून पू, ताप किंवा पोटरीला सूज आली तर लगेच दवाखाना गाठा. अचानक दम लागला तर थांबूच नका.

खर्चाचं काय?
अहिल्यानगरच्या जिल्हा रुग्णालयात किंवा लोणीच्या प्रवरा ग्रामीण रुग्णालयात हाडांचे डॉक्टर आहेत. दवाखाना कोणताही असो, रेशनकार्ड आणि आधारकार्ड सोबत न्या. आपलं ऑपरेशन महात्मा फुले जन आरोग्य योजनेत बसतं का, हे भरती होतानाच आरोग्यमित्राला विचारा.

गटानं काय करायचं?
आराम कर, असं सांगणं सोपं. पण तिच्या घरचं पाणी कोण भरणार? पुढच्या बैठकीत तीन गोष्टी ठरवा : अडलेल्या सखीच्या कामाच्या पाळ्या, तिच्या हप्त्याला मुदतवाढ आणि सावकाराच्या दारात जावं लागू नये म्हणून गटातूनच तातडीचं कर्ज. ठराव वहीत लिहा, सह्या घ्या. पाय कुणाचा मोडेल ते सांगून येत नाही.