राखाडी ओळीवर भरवसा नको

तेंदूच्या हंगामात कुरखेड्यात हिशेबाच्या कामाला उसंत नसते. आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणाऱ्या पेसा कायद्याचे नियम महाराष्ट्रात २०१४ साली आले, आणि पुढं इकडच्या बऱ्याच ग्रामसभा पानांचा लिलाव स्वतःच करू लागल्या. मजुरीचा हिशेबही अर्थातच त्यांच्या गळ्यात आला. ७० पानांचं एक पुडकं, हजार पुडक्यांचा मानक बोरा, मजुरी शेकड्यावर. संध्याकाळी फळीवर, म्हणजे पानं गोळा करण्याच्या जागी, पुडकी मोजली जातात, कुटुंबाच्या कार्डावर आकडा चढतो आणि तोच पुढे लॅपटॉपवर.

असे छोटे प्रोग्राम मी लिहून देतो, दुसऱ्यांनी लिहिलेले दुरुस्तही करतो. त्यातलाच एक आला. तक्रार अशी, की पैसे वाटून झालेल्या नोंदींतले आकडे बदलतात. ‘‘व्हायरस आहे का बघा जरा,’’ असं सांगणं होतं. (आमच्याकडे वीज जाणं सोडून बाकी सगळं व्हायरसमुळे होतं.) मी उघडून पाहिलं, तर वाटप झालेल्या ओळी राखाडी, उरलेल्या पांढऱ्या. राखाडी ओळीत टाइप केलं, काही उमटेना. मग ऑपरेटरला म्हटलं, तुम्ही रोज जसं करता तसं करून दाखवा.

त्यानं आधी ‘नाव’ या मथळ्यावर क्लिक केलं. ते बरोबरच होतं. एकेका गावात मडावी आणि हलामी इतके, की नावानं लावल्याशिवाय माणूस सापडत नाही. ओळी वरखाली झाल्या. राखाडी रंग ज्याच्या त्याच्या नोंदीबरोबर नीट सरकला. आणि त्या राखाडी ओळीत १२०च्या जागी २१० मुकाट टाइप झालं.

प्रोग्राम विंडोज फॉर्म्सचा, तक्ता डेटाग्रिडव्ह्यूचा. २००५पासून हा ग्रिड वापरात आहे आणि अजून कितीतरी कचेऱ्यांत चालतो. लिहिणाऱ्यानं फॉर्म उघडताना एकदाच सगळ्या ओळींवरून फिरून, वाटप झालेल्यांना रीडओन्ली केलं होतं. पण ग्रिड डेटाटेबलला बांधलेला असला, की क्रम किंवा फिल्टर लावताच तो जुन्या ओळी टाकून नव्या घडवतो. जुन्या ओळींवरची कुलपं त्यांच्याबरोबरच जातात. रंग मात्र सेलफॉरमॅटिंगमध्ये, दर वेळी नोंद बघून ठरत होता, म्हणून तो टिकला. कुलूप गेलं, पाटी राहिली. दोन्ही गेलं असतं तर पहिल्याच दिवशी कुणाच्या तरी लक्षात आलं असतं.

तेव्हा कुलूप ओळीवर लावूच नका. नोंदीतच ‘वाटप झालं’ असा रकाना ठेवा आणि कुणी सेलमध्ये लिहायला गेलं, की सेलबिगिनएडिट या इव्हेंटमध्ये तो रकाना पाहून तिथल्या तिथं कॅन्सल करा. मग क्रम कितीही वेळा बदलो. डेटाबाइंडिंगकम्प्लीटमध्ये दर वेळी नव्यानं कुलपं लावत बसण्याचा मार्गही आहे. मला तो आवडत नाही, ओळी वाढल्या की रेंगाळतो.

डिलीट कळ वेगळीच. ओळ रीडओन्ली असली तरी अख्खी निवडून डिलीट दाबलं की ती जाते. त्यासाठी युझरडिलिटिंगरो अडवावा लागतो, नाहीतर ओळी खोडण्याची मुभाच बंद करावी.

एवढं करूनही ग्रिड अडवतो ती फक्त माणसाची बोटं. ‘सर्वांना नवा दर लावा’ असलं बटण कोडमधून थेट डेटात लिहितं, त्याला रीडओन्ली दिसतही नाही. खरा बंदोबस्त डेटाबेसात हवा. एसक्यूलाइट असेल तर बदलासाठी एक आणि खोडण्यासाठी एक, असे दोन ट्रिगर लिहा: जुन्या नोंदीत वाटप झालेलं असेल तर नकार. ‘वाटप झालं’ ही खूण पहिल्यांदा लावताना जुनी नोंद मोकळीच असते, म्हणून ते काम अडत नाही.

आता, वाटपानंतर कधी कधी खरोखरच चूक निघते. त्यासाठी कुलूप उघडायचा पासवर्ड देऊ नका. दिला, की आठवड्याभरात तो लॅपटॉपच्या झाकणावर चिकटवलेला दिसतो. त्याऐवजी ‘फरकाची नोंद’ असं बटण द्या. १२०ची ओळ तशीच राहील, तिच्याखाली उणे २०, तारीख आणि कारण. जुने दिवाणजी वहीत खाडाखोड न करता असंच लिहायचे, त्यामुळे ऑपरेटरला हे वेगळं शिकवावं लागत नाही.