चालकाची झोप आणि आपली घाई
(समूह-अभ्यासासाठी पाठ)



आपल्या वसई परिसराच्या पूर्वेकडून राष्ट्रीय महामार्ग ४८ जातो. जुन्या मंडळींच्या तोंडी तो अजूनही 'आठ नंबरचा हायवे'च आहे. न्हावा-शेवा बंदर, भिवंडीची गोदामे, वालीव-सातिवलीचे कारखाने आणि पलीकडचा गुजरात यांच्यामधला माल रात्रंदिवस या रस्त्याने वाहतो. आपल्या घरातला किराणा, औषधे, गॅसचा सिलिंडर, घराला लागणारे सिमेंट हे सारे कुठल्या तरी ट्रकमधूनच आलेले असते. आपल्यातील काहीजण स्वतः ट्रक-टेम्पो चालवतात, काहींच्या स्वतःच्या गाड्या आहेत, आणि वर्षातून एकदा तरी आपण सगळेच भाड्याच्या बसने यात्रेला किंवा लग्नाला जातो. म्हणून चालकाची झोप हा विषय आपल्या घरचा आहे.

२०२२ साली भारतात रस्त्यांवर ४,६१,३१२ अपघात झाले आणि त्यांत १,६८,४९१ माणसे दगावली, असे केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाचा अहवाल सांगतो. म्हणजे दर दिवसाला सरासरी ४६० हून अधिक. यांतील किती अपघात पेंग आल्यामुळे झाले हे सांगणे अवघड आहे, कारण दारू तपासायला श्वासाचे यंत्र असते, झोप तपासायला तसे यंत्र नसते. डोळा लागून गाडी दुभाजकावर गेली तरी कागदावर 'वाहनावरील ताबा सुटला' एवढेच लिहिले जाते.

१. कायदा काय सांगतो?

चालकाच्या कामाच्या तासांना आपल्या देशात मर्यादा आहे, हे पुष्कळांना ठाऊकच नसते. मोटार वाहतूक कामगार कायदा १९६१ साली आला. त्यानुसार प्रौढ कामगाराला दिवसाला ८ तास आणि आठवड्याला ४८ तास काम ठरवून दिले होते. लांब पल्ल्याच्या मार्गावर परवानगीने ते १० आणि ५४ तासांपर्यंत नेता येत होते. सलग पाच तासांपेक्षा जास्त काम नाही, मध्ये किमान अर्धा तास विश्रांती, एका दिवसाचे काम संपल्यापासून दुसऱ्या दिवसाचे सुरू होईपर्यंत सलग नऊ तासांची मोकळीक आणि आठवड्याची सुट्टी, असे त्याचे मुख्य नियम होते. कामाच्या तासांत केवळ स्टेअरिंगवरचा वेळ धरलेला नव्हता. गाडी, प्रवासी आणि माल यांच्याशी निगडित इतर कामही त्यात मोडत होते.

हा कायदा पाच किंवा अधिक कामगार असलेल्या व्यवसायांना लागू होता. आपल्याकडे तर एक-दोन गाड्यांचे मालकच जास्त. ही उणीव भरून काढण्यासाठी १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ९१ ने व्यावसायिक वाहन चालवणाऱ्या कोणाही व्यक्तीला हेच तास लागू केले. पुढे २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता अमलात आल्या आणि १९६१ चा कायदा व्यावसायिक सुरक्षितता, आरोग्य व कामाची परिस्थिती या विषयावरील २०२० च्या संहितेत विलीन झाला. दिवसाला आठ तासांचे सूत्र या संहितेनेही कायम ठेवले आहे.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. नॅशनल परमिटच्या ट्रकवर दोन चालक असावेत आणि एकाला आडवे होता येईल अशी लांब सीट मागे असावी, अशी अट पूर्वी केंद्रीय नियमांत होती. २०१८ साली दोन चालकांची सक्ती काढून टाकण्यात आली. चालक मिळत नाहीत ही मालकांची अडचण खरी होती. पण त्यामुळे एकट्या चालकावरचा भार कागदोपत्रीही मान्य झाला.

२. घड्याळ वेगळे, शरीर वेगळे

कायद्याचे तास पाळले म्हणजे चालक ताजातवाना असतो, असे मात्र नाही. एक साधे उदाहरण घेऊ. एक चालक सकाळी सातला उठतो. नऊला भिवंडीच्या गोदामावर हजर होतो. माल तयार नाही, हमाल दुसऱ्या गाडीवर आहेत, बिल्टी झालेली नाही. यात दिवस जातो. संध्याकाळी गाडी भरते. अवजड वाहनांवरची प्रवेशबंदी उठेपर्यंत पुन्हा थांबावे लागते. रात्री नऊला गाडी हलते. मध्यरात्री तो तलासरीच्या आसपास पोहोचतो. गाडी फक्त तीन तास चालली आहे. पण माणूस सतरा तास जागा आहे.

सतरा तासांच्या जागरणाचा अर्थ काय, याचा अभ्यास ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी १९९७ साली प्रसिद्ध केला. सलग १७ तास जागे राहिल्यावर हात-डोळ्यांचा मेळ आणि प्रतिसाद इतका मंदावतो, की रक्तात ०.०५ टक्के मद्य असलेल्या माणसासारखी त्याची अवस्था होते. २४ तासांनंतर ती ०.१० टक्क्यांसारखी होते. आपल्या कायद्यात मद्याची मर्यादा १०० मिलिलीटर रक्तात ३० मिलिग्रॅम, म्हणजे ०.०३ टक्के आहे. तेव्हा दारूच्या थेंबालाही न शिवलेला आपला चालक मध्यरात्री मर्यादा ओलांडलेल्या माणसासारखा गाडी चालवत असतो. आणि अहमदाबाद अजून कितीतरी दूर आहे.

भिवंडी ते अहमदाबाद हे अंतर सुमारे ५०० किलोमीटर. भरलेल्या ट्रकने ताशी सरासरी ४५ किलोमीटर धरले तरी नुसते चालवण्याचेच अकरा तास होतात. म्हणजे 'सकाळी माल पोहोचला पाहिजे' असे जेव्हा मालवाला सांगतो, तेव्हा तो कायदा आणि झोप दोन्ही मोडायला सांगत असतो. बहुधा त्याच्या ते ध्यानातही येत नाही.

पहाटे दोन ते पाच हा काळ सर्वांत धोक्याचा. या वेळी शरीराचे तापमान उतरते आणि झोपेची ओढ सर्वांत जास्त असते. दुपारी दोन ते चारच्या सुमारासही अशीच एक छोटी लाट येते. थकलेला मेंदू या वेळी चालकाला न विचारता तीन-चार सेकंद झोप घेतो. डोळे कधी कधी उघडेच असतात. ताशी ८० किलोमीटर वेगाने गाडी चार सेकंदांत जवळजवळ ९० मीटर जाते. एवढे अंतर गाडी चालकाविना जाते, आणि ब्रेकही लागत नाही.

३. परदेशांतून काय शिकावे?

युरोपीय संघात साडेचार तास चालवल्यावर ४५ मिनिटांची विश्रांती सक्तीची आहे. दिवसाला ९ तास चालवता येते, आठवड्यातून दोनदा १० तास. गाडीतील टॅकोग्राफ हे यंत्र त्याची नोंद ठेवते. अमेरिकेत सलग १० तासांच्या विश्रांतीनंतर ११ तास चालवता येते, पण कामाला लागल्यापासून १४ तासांच्या आत. तेथे २०१७ च्या डिसेंबरपासून बहुतेक ट्रकना इलेक्ट्रॉनिक नोंद सक्तीची झाली.

या सक्तीतून एक नवा पेच उभा राहिला. गोदामावर ताटकळतानाही चौदा तासांचे घड्याळ चालूच राहते. मग डुलकी येत असूनही चालक थांबत नाही, कारण थांबला तर तास फुकट जातात. म्हणून २०२० साली केबिनमधील विश्रांती दोन भागांत घेण्याची सवलत तेथे वाढवण्यात आली. यातून शिकण्यासारखे हे, की नियम हवाच, कारण नियम नसला तर मालक आणि ग्राहक चालकाला पिळून काढतात. पण नियम म्हणजे शेवटची मर्यादा आहे. तास शिल्लक असले तरी झोप आली की थांबायचे, आणि असे थांबणाऱ्याचे नुकसान होऊ द्यायचे नाही, या दोन्ही गोष्टी जुळल्या तरच नियमाचा उपयोग होतो.

आपल्याकडे हेच दुखणे आहे. अनेक चालकांना पगारापेक्षा खेपेवर पैसे मिळतात. जितक्या खेपा तितकी कमाई. गोदामावर गेलेल्या दिवसाचे कोणी काही देत नाही. थांबायचे म्हटले तर सुरक्षित जागा हवी. रस्त्याकडेला गाडी लावली तर डिझेल किंवा माल चोरीला जाण्याची भीती, शिवाय मागून येणारी गाडी धडकण्याची भीती. मे महिन्यात तापलेल्या केबिनमध्ये दिवसा झोप लागत नाही. २०२५ पासून बनणाऱ्या मध्यम व अवजड ट्रकना वातानुकूलित केबिन सक्तीची झाली ही चांगली गोष्ट आहे. परंतु जुन्या गाड्या अजून बरीच वर्षे रस्त्यावर राहतील.

४. धर्माची शिकवण

विश्रांतीचा नियम माणसाच्या कायद्याआधी दहा आज्ञांत आला. अनुवादाच्या पाचव्या अध्यायात शब्बाथाची आज्ञा वाचा. तेथे विश्रांती फक्त घरधन्यासाठी सांगितलेली नाही. चाकर, दासी, बैल, गाढव आणि वेशीच्या आत राहणारा परका यांचाही तीत समावेश आहे. स्वतः विसावा घेऊन दुसऱ्याला राबवणाऱ्याला ती आज्ञा पाळल्याचे समाधान मिळत नाही.

पोप तेरावे लिओ यांनी १८९१ च्या 'रेरुम नोव्हारुम' या परिपत्रकात कामाचे तास ठरवताना कामाचे स्वरूप, काळवेळ आणि कामगाराची प्रकृती पाहावी असे शिकवले. आणि २००७ च्या जून महिन्यात व्हॅटिकनच्या स्थलांतरितांविषयीच्या परिषदेने रस्त्यावरील प्रेषितकार्यासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात चालकांसाठी दहा आज्ञा आहेत. पहिली आज्ञा हत्या न करण्याची आहे आणि शेवटची इतरांविषयी जबाबदारी बाळगण्याची.

प्रेषितांची कृत्ये, अध्याय २० मधला युतुख हा तरुणही आठवावा. पौलाचे प्रवचन मध्यरात्रीपर्यंत लांबले, खिडकीत बसलेल्या युतुखला गाढ झोप लागली आणि तो तिसऱ्या मजल्यावरून खाली पडला. त्याला ऐकायची इच्छा नव्हती असे नव्हे. झोप इच्छेला जुमानत नाही. 'मला काही होत नाही, वीस वर्षे गाडी चालवतोय' असे म्हणणाऱ्या प्रत्येकाने हा उतारा वाचावा.

५. आपण काय करू शकतो?

चालकांनी: रात्रीच्या खेपेआधी दुपारी झोप काढावी. जांभया येऊ लागल्या, पापण्या जड झाल्या, मागचे दोन किलोमीटर कसे गेले ते आठवेना, की थांबावे. काच खाली करणे, गाणी मोठ्याने लावणे, तंबाखू मळणे यांनी झोप जात नाही. गाडी सुरक्षित जागी लावून चहा-कॉफी घ्यावी आणि लगेच पंधरा-वीस मिनिटे डोळे मिटावेत. कॉफीचा परिणाम व्हायला साधारण तेवढाच वेळ लागतो. उठल्यावर तोंड धुऊन, चार पावले चालून मगच गाडी सुरू करावी. हा तात्पुरता उपाय आहे. रात्रीच्या झोपेची भरपाई झोपेनेच होते. मोठ्याने घोरणाऱ्या आणि पुरेसे झोपूनही दिवसा पेंगणाऱ्या चालकाने डॉक्टरांना दाखवावे. झोपेत श्वास अडखळण्याचा तो आजार असू शकतो, आणि त्यावर उपचार आहेत.

गाडीमालकांनी: खेपेचा हिशोब करताना माल भरण्या-उतरवण्यात गेलेला वेळ कामात धरावा. लांबच्या खेपेला दुसरा चालक द्यावा. 'झोप येतेय, थांबतोय' असा फोन आला तर शिव्या देऊ नयेत, भत्ता कापू नये.

घरच्यांनी: खेपेवरून आलेल्या माणसाला आधी झोपू द्यावे. बँकेची कामे, नातेवाइकांच्या भेटी आणि घरातले वाद दुपारनंतर. गाडी चालवत असताना त्याला वारंवार फोन करू नये.

यात्रा ठरवणाऱ्यांनी: ही गोष्ट आपल्या सर्वांना लागू आहे. जुन्या गोव्याला किंवा वेलंकनीला बस नेताना आपण भाडे ठरवतो, जेवणाचा बेत ठरवतो, पण चालक आदल्या रात्री कुठल्या ट्रिपवर होता हे विचारत नाही. गोवा साडेपाचशे-सहाशे किलोमीटर आहे. रात्रभर गाडी चालवून सकाळी पोहोचलेल्या चालकाला आपण दिवसभर चर्चमागून चर्च फिरवतो आणि संध्याकाळी परतीला निघतो. आपण मागे झोपतो, तो पुढे जागा राहतो. यापुढे दोन चालकांची अट घालावी, त्याचे जादा पैसे प्रत्येकी वाटून घ्यावेत, आणि मुक्कामी चालकांना झोपायला पलंग व शांत खोली मिळेल हे आधी पाहावे. गाडीतच झोपा म्हणणे सोपे असते, पण मग परतीच्या रात्री आपली मुले त्याच माणसाच्या जागेपणावर विसंबून असतात.

चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या समूहात किती घरांची रोजीरोटी वाहन चालवण्यावर आहे? त्यांना सलग किती तास काम पडते, हे आपण कधी विचारले आहे का?

२. 'उद्या सकाळीच पाहिजे' असे आपण मालवाल्याला शेवटचे कधी म्हटले? खरोखर सकाळीच हवे होते का?

३. आपल्या धर्मग्रामाच्या पुढच्या यात्रेसाठी चालकांच्या विश्रांतीची व्यवस्था कोण पाहणार? या बैठकीतच एका व्यक्तीचे नाव ठरवा.