पडद्याचा उजेड बदलला की लगेच लिहून ठेवा

सांगलीच्या विश्रामबागेत वालचंद कॉलेज 1947 पासून इंजिनिअर घडवतंय. तिथून बाहेर पडून कुपवाड-मिरजेच्या एमआयडीसीत मशीनला पडदे जोडण्याचं काम धरणाऱ्या पोरापोरींनो, एक गोष्ट सुरुवातीलाच कानात घालून ठेवतो. तुमच्या टेबलावरचा कॉम्प्युटर रीतसर शटडाउन होतो. गिऱ्हाइकाकडे तो कधीच तसा बंद होत नाही. तिथं लाईट जाते, नाहीतर घरी निघताना कुणीतरी भिंतीवरचं बटण बंद करतं. पडद्याचा ब्राइटनेस बंद होताना जपायचा ठरवलात तर तो जपला जाणारच नाही. ज्या क्षणी बदलला, तेव्हाच जपा.

हा ब्राइटनेस कुणाला लागतो ते आधी नीट पाहा. गाळपाच्या हंगामात साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर रात्रभर उसाच्या ट्रॉल्या येतात. केबिनमधल्या माणसाला काचेतून बाहेरचा नंबर वाचायचा असतो. पडदा भगभगीत असला तर काचेत त्याचंच प्रतिबिंब दिसतं, म्हणून तो उजेड कमी करतो. लाईट जाऊन आली की पडदा पुन्हा पूर्ण पेटतो. दोन-चार रात्री असं झालं की तो पडद्यावर कागद चिकटवून मोकळा होतो, आणि सकाळच्या पाळीला अर्धे आकडेच दिसत नाहीत. दूध संकलन केंद्रावर याच्या उलट. पहाटे अंधारात मंद केलेला पडदा उन्हं वर आल्यावर वाचता येत नाही.

लिनक्समध्ये ही सोय आहे. सिस फोल्डरात क्लास, त्यात बॅकलाइट, आणि तिथं प्रत्येक पडद्याची ब्राइटनेस नावाची फाइल असते. तिच्यात आकडा लिहिला की उजेड बदलतो. सिस्टमडी असेल तर तिची बॅकलाइट सर्व्हिस बंद होताना तो आकडा व्हार फोल्डरात ठेवते आणि सुरू होताना परत लावते. रीतसर बंद होणाऱ्या लॅपटॉपला एवढं पुरतं. आपल्याकडे मात्र वीज तुटली की आकडा ठेवण्याची वेळच येत नाही. शिवाय कार्ड खराब होऊ नये म्हणून रूट फाइलसिस्टिम ओव्हरलेवर ठेवली असेल, तर लिहिलेलं सगळं रॅममध्येच राहतं आणि वीज गेली की पुसलं जातं. बिल्डरूटवर काम करत असाल तर तिथं मुळात बिझीबॉक्सचा इनिट असतो, त्यामुळे ही सर्व्हिसच नसते.

म्हणून लिहिता येणारं छोटं वेगळं पार्टिशन ठेवा. आकडा आधी तात्पुरत्या फाइलीत लिहा, एफसिंक करा, मगच नाव बदलून मूळ जागी आणा. मधेच लाईट गेली तरी जुना किंवा नवा, एक आकडा शाबूत राहतो. स्लायडर सरकत असताना मात्र लिहू नका. बोट उचलल्यावर दोन सेकंद थांबा, आणि आकडा खरंच बदलला असेल तरच लिहा. लिनक्स नसलेल्या छोट्या बोर्डावरही हेच: एटीमेगा 328 च्या ईईप्रॉमला 1,00,000 वेळा लिहिण्याची हमी असते. एकदा सरकवताना त्याच जागी शंभर वेळा लिहिलंत, तर हजार सरकवण्यांत ती हमी संपली.

सगळ्यात जास्त फसवतो तो स्क्रीनसेव्हर. पाच मिनिटं कुणी हात लावला नाही की तो उजेड शून्यावर नेतो. नेमका तोच शून्य तुमच्या प्रोग्रामने जपला, तर पुढच्या वेळी मशीन चालू होतं पण पडदा काळा. गिऱ्हाईक म्हणतो, मशीन मेलं. तुमचा माणूस गाडी काढून जतपर्यंत जातो. माणसानं निवडलेला आकडा वेगळा ठेवा, मशीननं तात्पुरता केलेला वेगळा. जपायचा तो पहिलाच. आणि परत लावताना खालची मर्यादा ठेवा. सिस्टमडीसुद्धा पाच टक्क्यांच्या खाली पडदा परत लावत नाही. मी तर दहा म्हणेन, कारण उन्हात पाच टक्के म्हणजे काळाच.

आकडा टक्क्यांत जपा. कमाल मूल्य कुठे 255 असतं, कुठे 100, कुठे नुसतं 7. पडद्याचं नावही पक्कं धरू नका: रास्पबेरी पायच्या 2015 सालच्या सात इंची पडद्याचं बॅकलाइट जुन्या कर्नलमध्ये एका नावानं दिसायचं, नव्यात दुसऱ्याच. फोल्डरात जे सापडेल ते घ्या. ड्रायव्हर उशिरा उठला तर आकडा परत लावणारी आरसी-लोकलमधली ओळ फाइल नसताना चालते आणि गुपचूप फसते, म्हणून ते काम यूडेव्हच्या नियमावर सोपवा. त्याच नियमानं व्हिडिओ ग्रुपला लिहिण्याची परवानगी द्या; एवढ्यासाठी अख्खा प्रोग्राम रूट म्हणून चालवू नका. एचडीएमआय मॉनिटरला बहुधा ब्राइटनेसची फाइलच नसते, तिथं डीडीसीयूटिल लागतं.

प्रोग्राम उठेपर्यंतचे पहिले काही सेकंद डिव्हाइस ट्रीच्या हातात असतात. तिथली डीफॉल्ट पातळी मध्यम ठेवा, म्हणजे रात्रपाळीच्या डोळ्यांवर झोत येणार नाही.

आणि मशीन गाडीत चढवण्याआधी एवढं कराच: उजेड बदला, दहा सेकंद थांबा, शटडाउन न करता वायर उपटा, परत लावा. स्क्रीनसेव्हरनं पडदा काळा केल्यावरही वायर उपटून परत लावून बघा. दोन्ही वेळा माणसानं ठेवलेला उजेड परत आला, तरच डिलिव्हरी चलनावर सही करा.